शामकलाची पाठ

पास्टर दुर्गेश गोंदियाहून मोटरसायकलवर यायचे. त्या रविवारी आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली आणि डोळे तांबारलेले होते. भजन झालं, वचन वाचून झालं, आणि आता उपदेश सुरू होणार म्हणून माणसं भिंतीला पाठ टेकून बसली, तर त्यांनी बायबल मिटून मांडीवर ठेवलं.

"एक बात विचारतो," ते म्हणाले. गोंदियाच्या माणसाची मराठी, अर्धी हिंदीत भिजलेली. "समजा, कल से आपली मंडळी बंद झाली. या दाराला ताला. तर गावात कोणाचं काय अडेल? किसी को फरक पडेगा? आपण जमतो कशासाठी? आज नका सांगू. पुढच्या रविवारी घरोघरी विचार करून या."

टिनाखाली बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. असा प्रश्न का कोणी विचारते? देवळात जाणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, कशाला जातोस. पण पास्टरचंही खरं होतं. पूर्वी खोलीत बसायला जागा पुरत नव्हती, आता मागची सतरंजी उलगडावीच लागत नव्हती.

रुख्माच्या कानावर प्रश्न पडला, डोक्यात मात्र शिरला नाही. ती दाराशी बसली होती, अर्धी आत नि अर्धी बाहेर. घरी सासूला डाव्या कुशीवर ठेवून आली होती, आणि कूस बदलायची वेळ कधीचीच टळून गेली होती. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तशी ती चपला हातात घेऊन सटकली.

तिची सासू शामकला म्हणजे या मंडळीचा पाया. हे कोणीही सांगेल. वीसेक वर्षांपूर्वी शामकलाला बायकांचं दुखणं लागलं होतं. अंगावरून जायचं ते थांबेचना. सगळे वैद्य झाले, सगळे बुवा झाले, अंगात रक्त म्हणून उरलं नाही. तेव्हा कुठून तरी एक प्रचारक आला, खाटेजवळ बसून त्याने प्रार्थना केली, आणि शामकला उठली. नुसती उठली नाही, त्याच हंगामात भाताच्या रोवण्याला गेली. बोदलकसा तलावाच्या पाण्यावरचं सगळं शिवार तिला चिखलात वाकलेली पाहून तोंडात बोट घालून उभं राहिलं. मग एक घर विश्वासात आलं, दुसरं आलं. दरवर्षी नाताळला शामकला पांढरं लुगडं नेसून उभी राहायची आणि आपली साक्ष सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे.

तीच शामकला मिरगाच्या आधी लकवा मारून पडली. डावं अंग गेलं. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं, त्यांनी काही दिवसांनी घरी पाठवलं. "सेवा करा," म्हणाले. सेवा करा म्हणायला काय जाते!

रुख्माने केली. हगणं-मुतणं काढलं, भरवलं, पुसलं. पण पडून पडून कमरेखाली आधी लाल डाग आला, मग फोड आला, आणि फोडाच्या जागी खळगा पडला. दुसरा खळगा खाकेखाली बरगडीवर. रुख्मा कडुनिंबाचा पाला उकळून धुवायची, हळद भरायची, वर जुन्या धोतराची घडी ठेवायची. दर थोड्या वेळाने कूस बदलायची. शामकला हाडाची मोठी, आणि मेलेलं अंग उचलायला दुप्पट जड. रुख्माची कंबर सकाळी सरळ व्हायला वेळ घ्यायची.

"नर्सबाईले बोलावतो, माय," तिने एकदा म्हणून पाहिलं.

शामकलाचं तोंड वाकडं झालेलं, पण बोलणं समजायचं. "नोको. ते नर्सबाई म्हनजे गावची दवंडी."

"मंग नीतूले त सांगू?"

"कोनाले नाही." तिने उजव्या हाताने सुनेचं मनगट धरलं. त्या एका हातात अजून सगळा जोर होता. "माह्या साक्षीवर लोक उभे आहेत व. मी अशी सडून राहिली हे पायतीन, त काय म्हनतीन? ज्या देवानं उठवलं त्यानंच टाकलं? मंडळीले समजलं त माहं मेलेलं तोंड पायशील."

अशी शपथ घातल्यावर सुनेने काय करावं? रुख्माचा नवरा इंद्रकुमार मंडळीचा वडील, म्हणजे सभा चालवणारा माणूस. ढोलकी चांगली वाजवायचा, प्रार्थनेला आवाजही खडा होता. त्याच्या कानावर तिने घातलं. पण मुलगा आईची उघडी पाठ कशी बघणार? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "माय मना करते त नोको सांगू. प्रार्थना चालू आहे न. बरी होईन."

प्रार्थना चालूच होती. रोज दिवेलागणीला मंडळी घरी यायची. ओसरीवर खाट, खाटेभोवती माणसं. रुख्मा त्याआधी सासूला उताणी करून, धुतलेलं लुगडं नेसवून, केस विंचरून ठेवायची. उताणी, म्हणजे नेमकी जखमेवर. भजन व्हायचं, मग एकेकाची प्रार्थना व्हायची, आणि एकाची छोटी झाली की दुसऱ्याला आपली लांबवावीशी वाटायची. शामकला डोळे मिटून पडलेली असायची, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "पवित्र आत्मा काम करून राहिला," कोणीतरी हळूच म्हणायचं. रुख्मा चुलीपाशी उभी राहून दात आवळायची. ते पाणी कशाचं होतं ते तिलाच ठाऊक होतं.

मग चहा. प्रार्थनेला येणारा माणूस उपास धरून आला तरी चहाला नाही म्हणत नाही.

इकडे रोवण्याचे दिवस डोक्यावर बसले होते. पावसाने आधी ताण दिला होता, आता बोदलकसाचं पाणी पाटाला सुटलं आणि सगळ्या गावाची एकदम धांदल उडाली. रुख्माच्या घरची भाताची खाचरं, म्हणजे बांध्या, थोड्याच, पण वर्षभराचा भात त्यांतूनच यायचा. इंद्रकुमारने ट्रॅक्टर लावून चिखल करून ठेवला. पुढचं काम बायकांचं. वाफ्यात रुजलेले भाताचे पऱ्हे उपटायचे, मुठी बांधायच्या आणि ओळीने वाकून रोवत मागे सरकायचं. एकट्या बाईचं हे काम नाही. म्हणून गावात हाताला हात असतो. तू माझ्या बांधीत आलीस की मी तुझ्या बांधीत येईन.

टोळीची म्होरकी नीतू. मंडळीतलीच. भजनाला तिचाच आवाज आणि रोवण्यातही तिचाच आवाज. एका सकाळी ती शेताच्या धुऱ्यावरून तशीच रुख्माच्या अंगणात आली. डोक्यावर प्लास्टिकची पन्नी पांघरलेली होती.

"काऊन व रुख्मा? येत काऊन नाहीस? सगळ्या बाया बोलून राहिल्या."

"मायले सोडून कशी येऊ?"

"मावशी त गप पडली राह्यते. उशाले पानी ठेव, घास भरव, ये. दिवसभर काय करतेस घरी?"

रुख्माच्या जिभेवर सगळं आलं होतं. तिने ओसरीकडे पाहिलं. शामकला तिथून ऐकत होती.

"पाय बाई," नीतू म्हणाली, "मी नियम नाही मोडू शकत. जिनं हात देल्ला तिलेच हात. तुहे पऱ्हे म्हतारे होऊन राहिले. आनखी थोडे दिवस गेले त रोवून काही फायदा नाही." मग आवाज उतरवून बोलली, "वाईट नोको मानू. पन लोक म्हनतात, एवढी प्रार्थना होऊन मावशी उठत काऊन नाही? घरातच कोनाचा तरी विश्वास कमी आहे म्हनतात. तू सभेतही अर्ध्यातून उठून जातेस. एक दिवस देवाच्या भरोशावर सोडून पाय न तिले. देव पायते."

रुख्माला राग आला, आणि राग गिळल्यावर रडू आलं. तिचा विश्वास कमी होता का? असेलही. खरं सांगायचं तर कधी कधी कूस बदलताना तिच्या मनात यायचं की आता हिने सुटावं. यायचं आणि अंगावर काटा उभा राहायचा. मग ती जास्तच जपून धुवायची. कोण जाणे, त्याचाच तर हा दोष नसेल? पऱ्ह्यांची टोकं पिवळी पडायला लागली होती, तेही दिसत होतं.

तिने ठरवलं, एक दिवस जायचं.

शेजारच्या रामबाईला सांगितलं. रामबाई पोवारांची म्हातारी, मंडळीतली नव्हे, पण शामकलाच्या बरोबरीची. "जाय व बेटी, मी पायतो न," ती म्हणाली. सकाळी रुख्माने सासूला धुतलं, घडी बदलली, उजव्या कुशीवर ठेवलं, पाठीशी भाताच्या तणसाची उशी लावली आणि मनात म्हणाली, देवा, आता तूच बघ.

त्या दिवशी टोळी गावातल्या लक्ष्मीचंदच्या बांधीत होती, तिथे ती दिवसभर वाकली होती. घोट्याच्या वर गार चिखल, पाठीवर पावसाची झिमझिम, पुढे मूठ सोडायची नि अंगठ्याने रोप दाबायचं. बायका गात होत्या. किती दिवसांनी ती चार माणसांत होती! दुपारी डबा खाताना कोणाच्या तरी गमतीवर ती हसली, आणि हसल्यावर दचकली. नीतूने तिच्या पाठीवर थाप मारली. "पायलं? काही झालं का?"

संध्याकाळी घरी आली तर रामबाई ओसरीवर बसलेली. "दोनदा पानी पाजलं, पेज भरवली. गप होती बिचारी. पन दुपारपासून खातच नाही."

शामकला घसरून उताणी झाली होती. तोंड पांढरं आणि ओठ दातांखाली दाबलेले. रुख्माने कूस वळवली आणि घडी काढली.

मुंग्या होत्या. लाल, बारीक. खाटेच्या पायावरून ओळ धरून वर चढलेल्या आणि खळग्यात भरलेल्या.

"अरे माय वो!" रामबाई ओरडली. तिने दिवसभर तोंड पाहिलं होतं, पाठ तिला कोणी सांगितलीच नव्हती. रुख्मा ओरडली नाही. तिने पाणी आणलं, धुतलं, एकेक वेचून काढली.  "माय, आवाज त द्यायचा होता! रामबाईले सांगायचं होतं!"

"सांगतलं असतं त समजलं असतं न तिले," शामकला म्हणाली.

त्या दिवशी दिवेलागणीला मंडळी आली तेव्हा रुख्माने दाराला कडी लावली. "आज नोको," आतून म्हणाली. इंद्रकुमार बाहेर हात जोडत राहिला, माफी मागत राहिला. कोणीतरी म्हणालं, सैतान घरात शिरला. माणसं चहा न घेता परत गेली.

रविवार आला. पास्टर दुर्गेश आले आणि त्यांनी प्रश्न पुन्हा टाकला. आपण जमतो कशासाठी?

उत्तरं तयार होती. एक जण म्हणाला, देवाची स्तुती करायला. दुसरा म्हणाला, सुवार्ता सांगायला. इंद्रकुमार म्हणाला, "एकमेकाच्या विश्वासाले टेका द्याले." नीतूने टिनाचं छप्पर गळते, ते आधी बसवू, असं सुचवलं, आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं. पास्टर मान हलवत होते. थकले होते बिचारे, अशी उत्तरं त्यांनी फार गावांत ऐकली असणार.

"रुख्माबाई?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "आप कुछ बोलोगे?"

"मले बोलता येत नाही, पास्टरजी."

"जे मनात आहे ते."

रुख्मा उभी राहिली. पदर तोंडाशी धरला होता, तो तिने सोडला. "तुमी समदे दोन म्हयने माह्या घरी आले. मायच्या तोंडाकडे पायलं, प्रार्थना केली. तिची पाठ कोनी पायली का?"

 इंद्रकुमारने ढोलकीवरचा हात उचलला. "रुख्मा, बस खाली."

"नाही बसत, जी. मी थकली आता. मले तिनं शपथ घातली होती. शपथ मोडली त पाप लागन, लागू द्या. चला. ज्याले मंडळी कायले आहे ते पायजे, त्यानं माह्यासंगं चला."

ती निघाली. मागे बघितलं नाही. पण चिखलात पावलांचा आवाज येत होता, म्हणून तिला कळलं की माणसं येत आहेत.

पुरुष अंगणात थांबले. बायका ओसरीवर चढल्या. शामकलाने सुनेचं तोंड पाहिलं आणि समजली. "नोको व," ती म्हणाली. "रुख्मा. नोको करू. पाया पडतो तुह्या."

सासूने सुनेच्या पाया पडायची भाषा केली!  रुख्माला वाटलं, फिरावं, बायांना म्हणावं जा घरी. पण मग उद्या पुन्हा त्याच मुंग्या, तेच भजन, तोच चहा. ती खाली वाकली. "माय, मले माफ कर," म्हणाली, आणि एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून तिने सासूला भिंतीकडे वळवलं. लुगडं सोडलं. घडी उचलली.

वासच आधी पसरला. मागची एक बाई तोंडावर हात दाबून अंगणाच्या कोपऱ्यात पळाली. बाकीच्या उभ्या राहिल्या. नीतू पुढे झाली, वाकली, आणि त्या खळग्यात तिला हाडाचं पांढरं दिसलं.

"कधीपासून?"

"मिरगापासून."

"आमाले काऊन नाही सांगतलं?" नीतूचा आवाज फाटला. "मी तुले काय काय बोलली व! तू बोलत काऊन नव्हतीस?"

उत्तर भिंतीकडून आलं. "मी मना केलं होतं." शामकला रडत होती, आणि अर्ध्या तोंडाने रडणं फार वाईट दिसते. "मले पायूनच तुमी समदे आले. आता मले पायूनच जासान. जा."

अंगणात पास्टर दुर्गेश कुडाच्या भिंतीला हात लावून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते आत येऊन काहीतरी बोलतील, प्रार्थना करतील, म्हणून इंद्रकुमारने टोपी काढली. पण पास्टरने खिशातून चावी काढली. "नर्सबाई कुठं राहते?" एवढंच विचारलं, आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून गेले.

नीतूने पदर कमरेला खोचला. "गरम पानी आन," ती म्हणाली. "आन मले दाखव, कसं उचलायचं ते. धक्का लागला त दुखन तिले."

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. नर्सबाईने रुख्माला सगळ्यांसमोर फाडफाड झापलं, इतके दिवस झाकून ठेवलं म्हणून. जखम कापून साफ करावी लागली. पास्टरने पुढच्या फेरीला कुठूनशी हवेची गादी आणली, मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधून. मंडळीतली दोन घरं यायची बंद झाली. "जिच्या साक्षीवर आलो तेच सडून राहिली," असं ते पारावर बोलले, आणि ते शामकलाच्या कानावर आलंच. अशी गोष्ट पोचवायला माणसं कमी नसतात.

टोळीत नीतूने नवा नियम घातला. रोज एक बाई रोवण्याला न येता शामकलापाशी बसेल, आणि तिचा दिवस रोवण्यातच धरला जाईल. टोळीतल्या ज्या बाया मंडळीतल्या नव्हत्या त्यांनी कुरकुर केली. "हे तुमच्या देवाचं काम, आमच्या डोक्यावर काऊन?" त्यातल्या एकीने तर भांडून टोळी सोडली. मग तिच्या जागी कोण? नीतू स्वतःच दोन ओळी रोवायला लागली. सभा उशिरा भरायला लागली, भजनं कमी झाली, कारण गाणाऱ्या बायका संध्याकाळी बसल्या बसल्या पेंगायच्या. पास्टर तेही बघत होते. त्यांनी प्रश्न परत काढला नाही.

रुख्माच्या बांध्या सगळ्यांत शेवटी लागल्या. पऱ्हे उंच वाढून लवलेले, शेंडे तोडून रोवावे लागले. पीक कमी येणार हे धडधडीत दिसत होतं, पण बांधी रिकामी तर राहिली नाही. टोळी पावसात वाकली होती आणि कोणी गात नव्हतं. शेवटची मूठ रोवून रुख्मा धुऱ्यावर बसली, तर तिला उठताच येईना. दोघींनी दोन बगलांत हात घालून उभी केली.

आणि शामकला? तिने सुनेशी बोलणंच टाकलं होतं. ज्या बाईची पाळी असेल तिच्याशी बोलायची, पाणी मागायची, नीतूकडून केस विंचरून घ्यायची. रुख्मा जवळ आली की डोळे मिटायची. रुख्मा मुकाट्याने घडी बदलायची. शपथ मोडली होती, त्याची ही शिक्षा, असं तिने मनाशी धरलं होतं. तरी जिवाला लागायचं. एवढं करून हेच का, असं मन म्हणायचं.

रोवणा आटोपला त्या संध्याकाळी ती हातपाय धुऊन आली. बसणारी बाई घरी गेली होती. कूस बदलायची वेळ झाली होती. रुख्माने नेहमीसारखा एक हात मानेखाली घातला.

"बांधी झाली?" शामकलाने विचारलं.

रुख्माचा हात तसाच राहिला. "झाली, माय."

"समदी?"

"समदी."

 शामकला छपराकडे बघत म्हणाली, "मी तवा उठली होती. ते खोटं नव्हतं."

"मी कुठं म्हनली खोटं? समद्या गावानं पायलं होतं."

"हं."

पाऊस ओसरीच्या कडेवर पडत होता. रुख्माने दुसरा हात कमरेखाली घालायला वाकून पाहिलं, आणि तिच्या तोंडून कण्हणं निघालं. तिने ते दाबलं, पण शामकलाने ऐकलं. तिचा उजवा हात वर आला आणि त्याने सुनेचं मनगट धरलं, पहिल्यासारखंच घट्ट.

"एकटीनं नोको उचलू मले," ती म्हणाली. "थांब. नीतूले आवाज दे."